बर्फाची गोधडी आणि लिंबाएवढा पॉसम

मेलबर्नमधली मराठी मंडळी हिवाळ्यात एकदा तरी बर्फ बघायला माउंट बुलरला जातात. हिवाळा म्हणजे तिथला, जून ते ऑगस्ट. गाडीने तीनेक तास, शेवटी घाट, मग भाड्याचे बूट आणि पोरांसाठी भाड्याची घसरगाडी. डब्यात थालीपीठं असतात, थर्मासात चहा. तासाभरात बोटं बधिर होतात, कुणाचा तरी एक हातमोजा हरवतो, आणि फोटो काढून झाले की सगळे गाडीतल्या हीटरकडे पळतात.

त्याच डोंगरावर, त्याच वेळी, बर्फाखालच्या दगडांच्या फटीत एक प्राणी अंगाची गुंडाळी करून पडलेला असतो. लिंबाएवढ्या वजनाचा. अंगाचं तापमान सुमारे दोन अंश. कुणी हातात घेतला तर मेलेलाच वाटेल. पण तो मेलेला नाही, वाट बघतोय. कशाची, ते पुढे येईलच.

इंग्रजीत त्याला माउंटन पिग्मी पॉसम म्हणतात. मराठीत त्याला नाव असण्याचं काही कारण नाही, म्हणून या लेखापुरतं आपण त्याला डोंगरी पॉसम म्हणू. त्याचं सगळं आयुष्य तीन गोष्टींवर चालतं: दगड, बर्फ आणि एक पतंग. मकर संक्रांतीचा नव्हे, दिव्याभोवती फिरतो तो. या तिन्ही गोष्टी वर्षभरात ज्या वेळी यायला हव्यात त्या वेळी आल्या, तर हा इवलासा जीव दहा-बारा वर्षंही जगतो. वेळ चुकली की हिशोब बिघडतो. अलीकडे वेळ चुकायला लागली आहे, म्हणून ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

दिसतो उंदीर, पण उंदीर नाही

वजन साधारण 45 ग्रॅम, अंग 11 सेंटिमीटरच्या आसपास, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. पाठ करडी-तपकिरी, पोट फिकट, डोळे मोठे आणि काळेभोर. फोटो बघितला की पहिल्यांदा सगळे म्हणतात, हा तर उंदीर! पण नात्याचा हिशोब मांडला तर उंदराला या पॉसमपेक्षा हत्ती जवळचा आहे. उंदीर, हत्ती, मांजर, आपण, या सगळ्यांची पिल्लं आईच्या पोटात वारेवर वाढतात आणि बऱ्यापैकी तयार होऊनच बाहेर येतात. डोंगरी पॉसम त्या घराण्यातला नाही. तो कांगारूच्या घराण्यातला, म्हणजे शिशुधान प्राणी. या घराण्यातली पिल्लं अगदी अर्धवट अवस्थेत जन्मतात आणि उरलेली वाढ आईच्या पोटावरच्या पिशवीत, शिशुधानीत, पुरी करतात.

भारतात असा एकही जंगली प्राणी नाही. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणायचे तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे. त्यामुळे आपल्याकडे शिशुधान म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं कांगारूचं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि गाडी तिथेच थांबते. पण या घराण्यात कांगारूसारखे धिप्पाड थोडेच. बाकीची बरीच मंडळी लहान, निशाचर आणि लाजरी आहेत.

पॉसमची मादी वर्षातून एकदाच विते. गर्भ पोटात राहतो जेमतेम दोन आठवडे. जन्मलेलं पिल्लू आंधळं, उघडं, गुलाबी आणि अगदी चिमुकलं. पुढचे दोन पाय तेवढे बऱ्यापैकी तयार असतात, कारण त्यांच्याच जोरावर आईच्या केसांतून सरपटत पिशवीपर्यंत पोचायचं असतं. पिशवीत चार सडं. पिल्लं कधीकधी त्याहून जास्त जन्मतात. ज्यांना सड मिळालं ती जगली, बाकीची गेली. ऐकायला क्रूर वाटतं, पण आईच्या अंगाने बघितलं तर यात तिने अजून फारसं काही खर्चच केलेलं नसतं. खरा खर्च म्हणजे दूध, आणि तो इथून पुढे सुरू होतो.

आधी दात सापडला, मग प्राणी

या प्राण्याची ओळख उलट्या क्रमाने झाली. 1890च्या दशकात रॉबर्ट ब्रूम नावाचा स्कॉटलंडचा डॉक्टर न्यू साउथ वेल्समध्ये प्रॅक्टिस करत होता. रोगी तपासून उरलेल्या वेळात त्याला जुनी हाडं गोळा करायचा नाद. वॉम्बेयन गुहांजवळ त्याला एका चिमुकल्या प्राण्याच्या जबड्याचे तुकडे मिळाले. त्यात एक दात विचित्र होता: दाढांच्या पुढचा, मोठा, आणि त्यावर उभ्या पन्हाळी. थोडा करवतीच्या पात्यासारखा. ब्रूमने या प्राण्याला बुरामिस पार्व्हस असं शास्त्रीय नाव दिलं आणि हा प्राणी केव्हाच नामशेष झाला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. हाच ब्रूम पुढे दक्षिण आफ्रिकेत गेला आणि माणसाच्या पूर्वजांच्या कवट्या शोधून जगभर गाजला.

त्या दातावर तज्ज्ञ अर्धं शतक वाद घालत राहिले. तसाच पन्हाळीदार दात काही छोट्या कांगारूंमध्येही असतो, मग हा कांगारूच्या बाजूचा की पॉसमच्या? 1950च्या दशकात कौल पॉसमकडे झुकला.

मग 1966च्या ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, माउंट हॉथमवर मेलबर्न विद्यापीठाच्या स्कीइंग क्लबच्या झोपडीत एक उंदरासारखं काहीतरी सापडलं. पकडणाऱ्याच्या लक्षात आलं की हे नेहमीचं प्रकरण नाही. मेलबर्नला नेऊन दाखवलं तर तोंडात तोच करवतीसारखा दात. सत्तर वर्षं जो जीवाश्म म्हणून संग्रहात पडून होता, तो स्वतःच्या पायांनी चालत स्कीवाल्यांच्या झोपडीत आला होता. ब्रूम मात्र 1951 सालीच वारला होता. त्याला हे कळायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि तो दात? कडक कवचाच्या बिया फोडायला आणि किड्यांचं टणक अंग कापायला. अडकित्त्याचं काम.

दगड

डोंगरी पॉसम राहतो तो ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या डोंगरमाथ्यांवर, आणि तिथेही सगळीकडे नाही. तीनच भागांत: न्यू साउथ वेल्समधल्या कोसियुस्को राष्ट्रीय उद्यानात, व्हिक्टोरियात बोगाँग-हॉथमच्या पठारी भागात, आणि माउंट बुलरवर. बुलरवर तो असल्याचं तर 1996 सालीच कळलं. सगळे मिळून प्रौढ प्राणी सुमारे 2,000. एखाद्या मध्यम गावाची लोकसंख्याही यापेक्षा जास्त असते. ऑस्ट्रेलियातला फक्त उंच बर्फाळ भागातच राहणारा हा एकमेव सस्तन प्राणी.

उंच म्हणजे किती? बुलर 1805 मीटर, आपलं कळसूबाई 1646. फार फरक नाही. पण बुलर विषुववृत्तापासून 37 अंश दक्षिणेला आहे, म्हणून तिथे महिनोन्‌महिने बर्फ टिकतो.

या माथ्यांवर मोठमोठ्या शिळांच्या राशी पसरलेल्या आहेत. सह्याद्रीत भटकणारे ज्याला घसारा म्हणतात, त्याचाच थोरला भाऊ समजा. फक्त इथे खडीऐवजी पिंपाएवढे, कपाटाएवढे दगड एकमेकांवर रचलेले असतात. हिमयुगात पाणी फटींत शिरून गोठायचं, फुगायचं आणि कातळ फोडायचं, त्यातून या राशी तयार झाल्या. हॉथमच्या भागात तर तो काळा बेसॉल्ट आहे, म्हणजे सह्याद्रीचाच दगड. दगडांच्या मधल्या पोकळ्या हे पॉसमचं गाव. आत उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात आसरा, आणि कोल्ह्याचं तोंड शिरत नाही इतक्या अरुंद गल्ल्या. दगडांमधून माउंटन प्लम पाइन नावाचं एक बुटकं, पसरट झुडूप वाढतं. ते इतकं हळू वाढतं की मनगटाएवढ्या खोडाचं झुडूपही शंभराच्या वर वर्षांचं असू शकतं. त्याची लाल फळं आणि बिया हे पॉसमचं धान्य.

गावात जागावाटपही आहे. सर्वांत वरची, सर्वांत दगडाळ, सर्वांत खाणं असलेली जागा माद्यांची. आई, लेकी, मावशा तिथेच जवळपास राहतात. नर खालच्या उतारांवर. वसंतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला, नर वर येतात, मीलन होतं, आणि मग त्यांनी परत खाली निघून जावं अशी व्यवस्था असते. माद्या त्यांना फार काळ खपवून घेत नाहीत. पुढे शरद ऋतूत, म्हणजे तिथल्या मार्च ते मेमध्ये, तरुण नर पिल्लंही घर सोडतात. मादी जगते 11-12 वर्षांपर्यंत, नर बहुधा चार-पाच वर्षांच्या पुढे जात नाही. चांगल्या जागेचा हा परिणाम.

आता याच माथ्यांवर माणसाला स्कीइंग करायचं होतं. त्यासाठी उतार साफ केले, दगड हलवले, रस्ते केले. माउंट हॉथमजवळ माउंट हिगिनबॉथमवर शिळांची रास मधोमध तोडून रस्ता गेला. वरचा माद्यांचा भाग आणि खालचा नरांचा भाग वेगळे पडले. तिथे 1985 मध्ये रस्त्याखालून दगड भरलेलं भुयार काढलं. वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट काढण्याचं हे जुनं आणि गाजलेलं उदाहरण. वर्तमानपत्रांना नाव आयतंच मिळालं: ‘टनल ऑफ लव्ह’, प्रेमाचं भुयार.

नाव गोड आहे, पण अर्धवट आहे. इयन मॅन्सर्ग आणि डेव्हिड स्कॉट्स या संशोधकांनी 1989 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा खरी अडचण दिसली ती अशी: रस्त्यामुळे नरांना खाली निघून जाताच येत नव्हतं. हंगाम संपला तरी पाहुणे घरातच. अन्न तेवढंच, तोंडं जास्त, आणि हिवाळ्यात माद्या मरत होत्या. भुयार झाल्यावर नर निघून जाऊ लागले आणि माद्यांचं हिवाळ्यात तगणं सुधारलं. म्हणजे ते भुयार भेटीसाठी जितकं, त्याहून जास्त निरोपासाठी होतं. ज्या घरात एकदा तरी लांबलेला पाहुणा राहून गेलाय, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

बर्फ

आता कळीचा मुद्दा. एवढासा प्राणी सहा-सात महिने जवळजवळ न खाता कसा राहतो?

वरण-भाताच्या पंगतीत एक गोष्ट आपण सगळ्यांनी बघितलेली असते. वाटीत वाढलेलं वरण पटकन गार होतं, पातेल्यातलं तासभर गरम राहतं. वस्तू जितकी लहान, तितकं तिच्या आकारमानाच्या मानाने उघडं अंग जास्त, आणि उष्णता तितकी भराभर निसटते. गाय म्हणजे पातेलं, पॉसम म्हणजे वाटी. थंडीत अंग 36-37 अंशांवर ठेवायचं तर वाटीखाली सतत जाळ हवा, म्हणजे सतत खाणं हवं. हिवाळ्यात या माथ्यांवर ना किडे असतात ना फळं.

मग पॉसम जाळच विझवतो. पूर्ण नाही, ठिणगी राखून. हृदयाचे ठोके आणि श्वास अगदी मंदावतात, अंगाचं तापमान उतरत उतरत भोवतालच्या फटीतल्या हवेइतकं, म्हणजे सुमारे दोन अंशांवर येतं. याला आपण शीतनिद्रा म्हणतो, पण ही झोप नव्हे. झोपेत शरीर गरम असतं, हाक मारली तर जाग येते. ही अवस्था म्हणजे घराचं मेन स्विच बंद करून फक्त देवघरातला दिवा चालू ठेवण्यासारखी. एका दमात हा प्रकार वीस दिवसांपर्यंत चालतो. मग शरीर आपणहून तापतं, पॉसम जागा होतो, थोडी हालचाल करतो, साठवलेल्या बिया खातो आणि पुन्हा गार पडतो. बिया साठवून ठेवायची सवयही खास त्याचीच, शिशुधान प्राण्यांत अशी दीर्घ मुदतीची बेगमी करणारा दुसरा सहसा सांगितला जात नाही. प्रत्येक वेळी अंग पुन्हा तापवणं फार महाग पडतं. हिवाळ्याच्या एकूण खर्चातला मोठा वाटा या मोजक्या जागेपणांतच जातो.

हा खर्च भागतो चरबीतून. उन्हाळाअखेर पॉसम खाऊन खाऊन गोल होतो. 40-45 ग्रॅमचा प्राणी कधीकधी 80 ग्रॅमपर्यंत जातो. एका लिंबाची दोन लिंबं.

यात बर्फाचं काम काय, तर उबेचं. हे ऐकून गोंधळायला होतं, कारण आपल्या मनात बर्फ म्हणजे गारठा. पण ताज्या बर्फात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. आजीच्या गोधडीचं तत्त्व हेच: ऊब कापडाची कमी, थरांमध्ये अडकलेल्या हवेची जास्त. वर मीटरभर बर्फ असेल तर बाहेर उणे दहा अंश असो, वादळ असो, खाली दगडांच्या फटीत शून्याच्या किंचित वर स्थिर राहतं. पॉसमला नेमकं हेच तापमान परवडतं. त्याच्याहून गरम झालं तर शरीराचा जाळ आपोआप वाढतो, चरबी लवकर संपते. त्याच्याहून गार, म्हणजे शून्याखाली गेलं, तर अंग गोठू नये म्हणून त्याला मुद्दाम जाळ वाढवावा लागतो. दोन्हीकडून खर्चच.

म्हणूनच हवामान तापतंय याचा या प्राण्यावर होणारा परिणाम उलटा वाटतो. हवा गरम झाली म्हणून बर्फ पातळ पडला, आणि गोधडी पातळ झाली म्हणून पॉसम गारठला. लिंडा ब्रूम या शास्त्रज्ञांनी कोसियुस्कोत 1980च्या दशकापासून वर्षानुवर्षं पॉसम पकडून, मोजून, सोडून नोंदी ठेवल्या. (त्या डॉक्टर ब्रूमचं आणि यांचं आडनाव मराठीत एकच दिसतं, इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे.) बर्फ कमी पडलेल्या आणि लवकर वितळलेल्या वर्षांनंतर पॉसम कमी उरतात, हे अशा चिकाटीच्या नोंदींतूनच कळलं. लवकर वितळण्याचा तोटा आणखी एक आहे. पॉसम उठतो, पोट रिकामं, आणि ज्याची वाट बघायची तो अजून आलेला नसतो.

पतंग

तो म्हणजे बोगाँग पतंग. दिसायला अगदी सामान्य, तपकिरी, पंख पसरले तर पाचेक सेंटिमीटर. याच्या अळ्या हिवाळ्यात दक्षिण क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि पश्चिम व्हिक्टोरियाच्या सपाट, गवताळ भागात मातीत वाढतात. शेतकरी त्यांना कीडच समजतात, रोपं बुडातून कुरतडणारी. वसंतात पतंग बाहेर पडतात आणि उन्हाळ्याची काहिली चुकवायला डोंगराकडे निघतात. रात्रीचा प्रवास, काहींचा हजार किलोमीटरपर्यंतचा. कुणीही ही वाट आधी पाहिलेली नसते, आईबाप केव्हाच मेलेले असतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या एरिक वॉरंट यांच्या गटाने दाखवलं की हे पतंग पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळखतात, आणि 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असंही दिसलं की ते ताऱ्यांवरून दिशा धरतात. प्रयोगशाळेत त्यांच्यावर खोटं आकाश दाखवलं, तर त्या ताऱ्यांप्रमाणे ते बरोबर दिशेला वळत. तारे वाटेल तसे विस्कटले की गोंधळत. पंढरीची वाट विचारत जाता येते. इथे विचारायलाही कुणी नाही.

डोंगरात पोचल्यावर ते थंड गुहांत आणि शिळांच्या फटींत भिंतीला चिकटून बसतात, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक. एका चौरस मीटरमध्ये 17,000 पर्यंत. तिथे उन्हाळाभर जवळजवळ निपचित. शरद ऋतूत तेच पतंग पुन्हा मैदानात परततात, अंडी घालतात आणि मरतात. आणि डोंगरात येतात तेव्हा त्यांच्या पोटात चरबी ठासून भरलेली असते.

म्हणजे बघा: मैदानातल्या शेकडो किलोमीटरच्या गवतातलं सत्त्व स्वतःच्या पंखांनी उडून एका ओसाड डोंगरमाथ्यावर येतं आणि पॉसमच्या दारात बसून राहतं. नेमकं तेव्हा, जेव्हा मादी सहा-सात महिन्यांची जवळजवळ उपाशी उठलेली असते आणि तिच्या पिशवीत चार पिल्लांना दूध हवं असतं.

हे तूप फक्त पॉसमनेच ओळखलं असं नाही. तिथले आदिवासी समाज हजारो वर्षं उन्हाळ्यात या डोंगरांत जमत, पतंग गरम राखेत भाजून खात, कुटून त्याचा गोळा करून ठेवत. व्हिक्टोरियातल्या क्लॉग्ज गुहेत सापडलेल्या एका पाट्यासारख्या दगडावर पतंगाचे अवशेष मिळाले, तो दगड सुमारे 2,000 वर्षांपूर्वी वापरात होता. गुनाइकुर्नाई समाजाने पुढाकार घेऊन केलेलं हे संशोधन. शहरी ऑस्ट्रेलियाला मात्र पतंग आठवतो तो उपद्रव म्हणून. वाटेतल्या शहरांचे दिवे त्याला खेचतात. कॅनबराच्या संसदभवनात तर त्यांच्या झुंडी शिरत. 2000 सालच्या सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपात गायिका इव्हॉन केनी गात असताना एक बोगाँग पतंग तिच्या अंगावर येऊन बसला, आणि तिने सूर ढळू दिला नाही.

2017 आणि 2018च्या वसंतात पतंग आलेच नाहीत. म्हणजे आले, पण ज्या गुहांच्या भिंती एरवी दिसत नसत त्या उघड्या पडल्या. मैदानात भयंकर दुष्काळ होता, अळ्यांना हिरवं काही मिळालं नव्हतं. त्याच्या जोडीला शेतीतली औषधं आणि रात्रीचे दिवेही आहेतच. डोंगरावर पॉसम मोजायला गेलेल्यांना माद्यांच्या पिशवीत मेलेली पिल्लं मिळाली. आई जगली होती, दूध आटलं होतं. 2021च्या डिसेंबरमध्ये बोगाँग पतंगाचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत गेलं. एकेकाळी अब्जावधींनी येणारा कीटक या यादीत जावा, ही मला या सगळ्यातली सर्वांत विचित्र गोष्ट वाटते. पुढे पाऊस बरा झाल्यावर पतंग काही प्रमाणात परतले, पण पूर्वीसारखे नाहीत.

दुष्काळाच्या पाठोपाठ 2019-20च्या उन्हाळ्यात वणवे आले. कोसियुस्कोतल्या पॉसमच्या काही जागा होरपळल्या. दगडांच्या खोल पोकळ्यांमुळे बरेच पॉसम आगीतून वाचले, पण बाहेर आले तर खायला काळी राख. तेव्हा व्हिक्टोरियातल्या हील्सव्हिल अभयारण्यातल्या आहारतज्ज्ञांनी पतंगाच्या तोडीची चरबी आणि प्रथिनं असलेलं खाणं तयार केलं होतं, ते कामी आलं. नाव ठेवलं ‘बोगाँग बिकी’, म्हणजे बोगाँग बिस्किट. कर्मचारी डबे आणि पाणी पाठीवर घेऊन दगडांत ठेवून यायचे.

सहा नर

बुलरची गोष्ट राहिलीच, आणि ती बऱ्या बातमीची आहे.

1996 मध्ये तिथे पॉसम सापडले तेव्हा काही शेकडा होते. दहा वर्षांत उतरत उतरत मूठभर राहिले. कारणं नेहमीचीच: स्कीच्या वाटांनी तुकडे झालेली जागा, युरोपीय लोकांनी आणलेली मांजरं आणि कोल्हे. पण मूठभर उरले की एक नवं संकट आपोआप येतं. सगळे एकमेकांचे नातलग. आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र विचारतात, त्यामागचं पारंपरिक कारण काहीही असो, जवळच्या रक्तात संतती होत राहिली की लपलेले दोष उघड होतात हे जीवशास्त्रही सांगतं. बुलरच्या पॉसममधली जनुकीय विविधता झपाट्याने आटली होती.

बाहेरचं रक्त आणावं तर शास्त्रज्ञांत मतभेद. बुलरचे पॉसम हजारो वर्षं वेगळे पडलेले, मिश्र संतती दुबळी निघाली तर? शेवटी 2011 मध्ये हॉथमच्या भागातून सहा नर आणून बुलरवर सोडले. सहाच. त्यांची मिश्र पिल्लं आकाराने मोठी निघाली, मिश्र माद्यांना पिल्लं जास्त झाली आणि त्या जगल्याही जास्त. काही वर्षांत संख्या दोनशेच्या पुढे गेली. 2017 साली याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘जनुकीय बचाव’ म्हणजे काय हे समजावताना आता जगभर बुलरचं उदाहरण देतात.

दुसरा एक प्रयोग जास्त धाडसी आहे. या पॉसमचे अतिप्राचीन भाऊबंद क्वीन्सलँडमधल्या रिव्हर्सले इथल्या जीवाश्मांत सापडतात, आणि ते बर्फात नव्हे, सखल भागातल्या दाट पावसाळी जंगलात राहत होते. त्यावरून जीवाश्मतज्ज्ञ मायकेल आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर्क मांडला की बर्फ ही या प्राण्याची आवड नाही, नाइलाज आहे. जंगलाबरोबर तो वर गेला, खाली जंगल आटलं आणि तो माथ्यावर अडकला. मग त्याला खाली आणून बघू या. त्यासाठी सिडनीच्या पश्चिमेला लिथगोजवळ प्रजनन केंद्र उभारलं आहे. मला यात थोडी धाकधूक वाटते, कारण खाली मांजरं आणि कोल्हे जास्तच. पण कुंपणाआड करून बघायला हरकत नाही, आणि वरची गोधडी विरत चालली असताना दुसरं बिऱ्हाड शोधून ठेवणं शहाणपणाचंच.

मेलबर्न-सिडनीकडच्या वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. सप्टेंबर-ऑक्टोबरात बाल्कनीच्या दिव्यावर तपकिरी पतंग आला, ज्याच्या पुढच्या पंखावर गडद बाणासारखी खूण आणि दोन फिकट ठिपके आहेत, तर स्प्रे उचलू नका. फोटो काढा. तिथली प्राणिसंग्रहालयं चालवणाऱ्या झूज व्हिक्टोरिया या संस्थेने ‘मॉथ ट्रॅकर’ नावाचं संकेतस्थळ काढलं होतं, लोकांनी असे फोटो पाठवावेत आणि पतंग कुठवर पोचले ते कळावं म्हणून. आणि मग दिवा मालवा. त्याला अजून घाट चढायचाय.